अब्राहामाच्या घरातली वाटणी : बायबल आणि कुराण शेजारी ठेवून वारसाचा प्रश्न कसा वाचावा

बकरी ईद जवळ आली की कोल्हापुरात चहाच्या टपरीवर एक वाद हमखास निघतो. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघाला, तेव्हा सुरीखाली होता तो इसहाक की इस्माईल? ख्रिस्ती मित्र एक नाव सांगतो, मुसलमान मित्र दुसरं, तिसरा म्हणतो, "जाऊ दे की, देव एकच हाय." चहा संपतो, वादही संपतो आणि मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. तो असा: देवानं एका माणसाशी केलेला करार त्याच्या मुलाकडे जातो का? जात असेल तर कुठल्या मुलाकडे? आणि नुसतं मुलगा असणं पुरतं, की आणखी काही लागतं?

हा प्रश्न नीट वाचायला चार बैठका लागतात, प्रत्येकी दीड तासाची. एका बैठकीत उरकायला गेलात तर पुन्हा टपरीवरचाच वाद होतो, फक्त खुर्च्या बऱ्या असतात.

बसण्याआधीची तयारी

माणसं सहा ते दहा. त्यापुढे गेलं की भाषण सुरू होतं. दोन्हीकडची किमान दोन-दोन असावीत, कारण एकटा पडलेला माणूस सगळ्या धर्माचं वकीलपत्र घेऊन बसतो आणि "हे मला ठाऊक नाही" म्हणायची त्याला सोय राहत नाही. जागा कुणाचं घर किंवा वाचनालयाची खोली अशी असावी. चर्चचा हॉल किंवा मदरशाची खोली कितीही मोकळ्या मनानं दिली तरी एक बाजू पाहुणी होते, आणि पाहुणा खरं बोलत नाही.

रविवारची सकाळ उपासनेची, शुक्रवारची दुपार जुम्म्याची. शनिवारची संध्याकाळ बरी पडते, पण मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ बघून घ्या. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. तेवढ्यात पंधरा मिनिटांची सुट्टी ठेवा. रमजानमध्ये बैठका नकोत. चहा आणि भडंग पुरे. शेवटच्या दिवशी मटणाचा बेत करायचाच असेल तर हलालचं आणा, म्हणजे ताटावरून नवी चर्चा नको.

पुस्तकांबाबत एक चूक बहुतेक ठिकाणी होते. ख्रिस्ती माणूस स्वतःच्या बायबलात लाल-निळ्या पेन्सिलीनं खुणा करतो; ते त्याच्या प्रेमाचं लक्षण. मुसलमान कुराणात रेघ मारत नाही, ते जमिनीवर ठेवत नाही, आणि अरबी मूळ असलेली प्रत वुजूशिवाय (नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात तसं धुतल्याशिवाय) हाताळू नये असं बहुतेकजण मानतात. म्हणून दोन्हीकडच्या लागणाऱ्या वचनांचं फक्त मराठी भाषांतर कागदावर मोठ्या अक्षरात काढून घ्या आणि खुणा त्यावरच करा. मूळ ग्रंथ टेबलावर, उंच जागी; शंका आली तरच उघडायचे.

नावांचा एक कागद भिंतीला चिकटवा. मराठी बायबलात अब्राहाम, हागार, इश्माएल, याकोब, येशू. मराठी मुसलमानांच्या तोंडी इब्राहीम, हाजरा, इस्माईल, याकूब, ईसा. सारा आणि इसहाक दोन्हीकडे तेच. (सारा अब्राहामाची बायको, इसहाक तिचा मुलगा; हागार दासी, इश्माएल तिचा.) नियम साधा: ज्या ग्रंथातून वाचतोय त्याच्यातलं नाव घ्यायचं. दुसऱ्याचा उच्चार सुधारत बसायचं नाही.

आणि दोन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा: करार आणि वारस. मराठी ख्रिस्ती माणूस "जुना करार, नवा करार" हे इतकं सहज म्हणतो की दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले हे ध्यानातही येत नाही. कुराणात कराराला बहुतेक जागी "अहद" किंवा "मीसाक" म्हटलंय. हिब्रूत "बरीत", आणि तिथे करार करत नाहीत, कापतात. उत्पत्तीच्या (बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या) १५व्या अध्यायात कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून समोरासमोर ठेवलेत, आणि त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल जाते. अब्राहाम स्वतः त्यांच्यामधून जात नाही. ही बारीक गोष्ट अधोरेखित करून ठेवा: करार पाळायची जोखीम कुणी घेतली, ते इथे दिसतं.

तीन रकाने

सगळी पद्धत या एका कागदावर उभी आहे. आडवा कागद घ्या, तीन रकाने पाडा: मालमत्ता, आशीर्वाद, करार. वाचताना मुलगा-वारसा असा काही मजकूर आला की तो कुठल्या रकान्यात जातो ते आधी ठरवायचं, मत नंतर. निम्मी भांडणं एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्या रकान्यात टाकल्यानं होतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही, कारण जमीन एकाच्या नावावर, घरातला मान दुसऱ्याला आणि देवळातला मानाचा विडा तिसऱ्याला, अशी घरं त्यानं पाहिलेली असतात. वडिलांच्या मागं मुलगा दर्ग्याचा मुजावर होतो, तो हक्काचा आणि सेवेचा वारसा. त्यानं तो देवाला जास्त जवळचा होतो असं तो स्वतःही म्हणत नाही.

मालमत्तेच्या रकान्यासाठी एक उदाहरण आधीच सोडवून ठेवा. बाप वारला, मागं बायको आणि दोन मुलगे, जमीन २४ एकर, कर्ज नाही, मृत्युपत्र नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात २१:१७ (अध्याय २१, वचन १७) प्रमाणे थोरल्याला दुप्पट: म्हणजे १६ आणि ८. कुराणाच्या चौथ्या सूरहप्रमाणे (अध्यायाप्रमाणे) मूलबाळ असल्यास बायकोला आठवा हिस्सा, ३ एकर. उरलेले २१ दोन मुलांना सारखे, १० एकर २० गुंठे प्रत्येकी. थोरला-धाकटा हा भेद तिथे नाहीच. (मुलगा आणि मुलगी असते तर दोनास एक.) आजच्या हिंदू वारसा कायद्यानं तीच स्वकष्टाची जमीन ८-८-८. हे गणित पंधरा मिनिटांत होतं आणि सगळ्यांना बोलतं करतं, कारण सातबारा प्रत्येकाला कळतो.

गणित झाल्यावर सांगा की अब्राहामाच्या घरात यातलं काहीच घडत नाही. उत्पत्ति २५:५-६ प्रमाणे सगळं इसहाकाला, आणि उपपत्नींच्या मुलांना देणग्या देऊन पूर्वेकडे लावून दिलं. अनुवादाचा कायदा तिथे लावू नका. तो मोशेच्या काळचा, शिवाय एकाच नवऱ्याच्या दोन बायकांबद्दलचा. दासीच्या मुलाचं काय, हे त्यात लिहिलेलं नाही.

पहिली बैठक: उत्पत्ति १५, १६, १७, २१, २५

वाचन एकानं नको, फिरतं ठेवा. आधी वयं फळ्यावर मांडा. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा (१६:१६). सुंतेच्या दिवशी अब्राहाम ९९, इश्माएल १३ (१७:२४-२५). इसहाक झाला तेव्हा अब्राहाम १०० (२१:५). म्हणजे थोरला धाकट्याहून चौदा वर्षांनी मोठा. इसहाकाचं दूध तोडल्यावरच्या मेजवानीनंतर हागारला मुलासकट घराबाहेर काढलं, तेव्हा इश्माएल सोळा-सतराचा असणार. पण २१:१४-१८ वाचा: आई त्याला झुडपाखाली टाकते, देवदूत म्हणतो मुलाला उचल. हा मिसरूड फुटलेला पोरगा वाटत नाही. अभ्यासकांनी याची बरीच स्पष्टीकरणं दिली आहेत. बैठकीत एवढंच नोंदवा की बायबलाच्या आतच हा ताण आहे. बुखारी या हदीस-संग्रहातल्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातल्या) इब्न अब्बासच्या कथनात इस्माईल अंगावर पिणारा आहे, आणि हाजरा पाण्यासाठी सफा-मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावते. हाजऱ्याचं नाव मात्र कुराणात कुठेच नाही. हे बऱ्याच मुसलमान वाचकांनाही नवीन असतं.

आता १७वा अध्याय, या बैठकीचा गाभा. इथे घाई नको, अर्धा तास द्या. अब्राहाम देवाला म्हणतो, इश्माएलच तुझ्यासमोर जगो म्हणजे झालं (१७:१८). देवाच्या उत्तरात दोन भाग आहेत. इश्माएलबद्दल: मी त्याला आशीर्वाद दिलाय, त्याला बारा सरदार होतील, त्याचं मोठं राष्ट्र करीन. इसहाकाबद्दल: माझा करार त्याच्याशी. पहिला भाग दुसऱ्या रकान्यात जातो, दुसरा तिसऱ्या. ख्रिस्ती बाजूनं "इश्माएलला शाप आहे" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य कुठे आहे ते दाखवायला सांगा. ते नाही. १६:१२ मधला "रानगाढव" हा शब्द लोक शिवी समजतात. ईयोब ३९:५-८ उघडा, तिथे तेच जनावर दाव्यात न अडकणारं, मोकळं म्हणून येतं.

याच अध्यायात सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी एक गोष्ट आहे. सुंता ही कराराची खूण, आणि ती इश्माएलच्या अंगावर इसहाकाच्या आधी पडली, त्याच दिवशी बापाबरोबर. म्हणजे खूण आहे, पण करार त्याच्या नावे नाही. यावर कुणी "मग खुणेला अर्थ काय?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. तो प्रश्न चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा, नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल तिथे नेमका तोच विचारतो.

अब्राहामाला दोनच मुलगे, ही आणखी एक सवयीची चूक. २५:२ मध्ये कटूरेचे सहा मुलगे आहेत. एकूण आठ. वादात त्या सहांची बाजू घ्यायला कुणी नसतं, कारण त्यांच्या नावानं पुढे कुणी ग्रंथ वाचत नाही.

इश्माएलच्या बारा मुलांची यादी २५:१३-१५ मध्ये आहे. त्यात केदार हे नाव आलं की कोल्हापूरकर मान वर करतो. जोतिबाला आपण केदारनाथ म्हणतो ना! नाव कानाला सारखं लागतं, इतकंच. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. मुसलमान परंपरेत पैगंबरांची वंशावळ अदनान या पूर्वजापर्यंत एकमतानं सांगतात. अदनानपासून इस्माईलपर्यंतच्या पिढ्यांवर जुन्या इतिहासकारांतच मतभेद आहेत. तेव्हा हे कलम दोन्ही बाजूंनी जपून वापरा.

थोरलेपणाचं पुढे काय होतं ते घरी वाचून यायला सांगा: एसाव डाळीच्या वाटीवर ज्येष्ठपण विकतो, रऊबेन ते गमावतो, एफ्राइमासाठी याकोब हात उलटसुलट करून आशीर्वाद देतो, आणि इशायाच्या आठ मुलांतला शेवटचा दावीद राजा होतो. बायबल थोरल्याचा कायदा लिहितं आणि प्रत्येक मोठ्या वळणावर तोच बाजूला ठेवतं. कुराणात एसाव नाहीच, त्यामुळे ही गोष्ट मुसलमान वाचकाला माहीत आहे असं धरून चालू नका.

दुसरी बैठक: कुराणात करार कुणाशी

इथे ख्रिस्ती वाचक एक गफलत करतो. इसहाकाला मिळालेला करार इस्लाममध्ये इस्माईलला मिळाला, असं तो समजून बसतो, जणू फेरफारात नुसतं नाव बदललं. कुराणाची मांडणीच वेगळी आहे. बायबलात करार एका धाग्यासारखा पिढीतून पिढीत जातो. कुराणात ७:१७२ प्रमाणे आदमच्या सगळ्या वंशजांना आधीच विचारलं गेलं, मी तुमचा रब नाही का, आणि सगळे हो म्हणाले. प्रत्येक माणूस स्वतः पक्षकार. त्याशिवाय पैगंबरांशी वेगळा करार (३३:७, तिथे पाच पैगंबरांचा उल्लेख आहे), बनी इस्राईलशी, म्हणजे इस्राएलच्या वंशाशी, वेगळा (५:१२), ख्रिस्त्यांशी वेगळा (५:१४). आपल्या भाषेत सांगायचं तर सामायिक खातं नाही, खातेफोड झालेली आहे.

मग वंशाला जागा नाही का? आहे. २९:२७ मध्ये इब्राहीमच्या संततीत नुबूवत (पैगंबरपण) आणि किताब (ग्रंथ) ठेवल्याचं सांगितलंय. पण २:१२४ वाचल्याशिवाय ते वाचू नका. आख्ख्या बैठकीत एकच आयत (कुराणातलं वचन) वाचायची असेल तर ही. इब्राहीम परीक्षांत उतरतो, अल्लाह म्हणतो, मी तुला लोकांचा इमाम, म्हणजे पुढारी, करतो. इब्राहीम लगेच बापासारखा विचारतो: आणि माझ्या मुलाबाळांतून? उत्तर येतं: माझा अहद जुलमी लोकांपर्यंत पोचत नाही. नाही म्हटलेलं नाही, हो म्हणून सही पण केलेली नाही. अट घातली आहे. शिया विद्वान याच आयतीवरून इमाम निष्पापच हवा आणि त्याची नेमणूक अल्लाहकडूनच व्हावी असं मांडतात; सुन्नी तसं वाचत नाहीत.

या अटीचं उदाहरण ११:४५-४६ मध्ये आहे. नूह बुडणाऱ्या मुलासाठी म्हणतो, हा माझ्या घरचा. उत्तर येतं, तो तुझ्या घरचा नाही. ख्रिस्ती वाचकाला हा प्रसंग नवा असतो, कारण उत्पत्तीत नोहाचे तिन्ही मुलगे तारवात आहेत. हे वाचून झाल्यावर बहुतेक वेळा थोडा वेळ कुणी बोलत नाही. बोलायला लावू नका.

"वारसा" हा शब्द कुराणात थेट येतो, त्यातली इथे लागणारी ठिकाणं म्हणजे १९:६ (जकरिया वारस मागतो, माझा आणि याकूबच्या घराण्याचा), २७:१६ (सुलेमान दाऊदचा वारस झाला) आणि ३५:३२ (किताबचा वारसा निवडलेल्या बंद्यांना, त्यांतही काही स्वतःवर जुलूम करणारे). इथे एक वाट भरकटवते. बुखारीतल्या हदीसप्रमाणे पैगंबर मालमत्तेचे वारस ठेवत नाहीत, मागे राहतं ते सदका, म्हणजे दान. शिया १९:६ आणि २७:१६ दाखवून ते अमान्य करतात, आणि त्यामागे पैगंबरांच्या पश्चात त्यांची मुलगी फातिमानं मागितलेल्या फदकच्या बागेचा जुना, दुखरा वाद आहे. हा पहिल्या रकान्यातला विषय आहे. दहा मिनिटं द्या, नोंद करा, पुढे चला. नाहीतर बैठक तिथेच बसते.

तिसरी बैठक: सुरीखाली कोण

हा प्रश्न मुद्दाम तिसऱ्या दिवशी ठेवलाय. पहिल्या दिवशी घेतला तर पुढच्या बैठकीला माणसं येत नाहीत.

बायबलात नाव स्पष्ट आहे: तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, इसहाक (उत्पत्ति २२:२). मुसलमान वाचकाचा आक्षेप "एकुलता एक" या शब्दांवर: इसहाक कधी एकुलता नव्हताच, ती चौदा वर्षं इस्माईलची. ख्रिस्ती उत्तर असं की हिब्रू शब्दाचा अर्थ लाडका, जिवाचा असाही होतो, आणि २१व्या अध्यायानंतर घरात तोच एक उरला होता.

कुराणात ३७:९९-११३ मध्ये मुलाचं नाव नाही. हे मोठ्यानं वाचून दाखवा, कारण "कुराणात इस्माईल लिहिलंय" असं ठामपणे सांगणारा एकजण हमखास असतो. इस्माईलच्या बाजूची कारणं वेगळी आहेत आणि ती भक्कम आहेत. एक, क्रम: मुलाची खुशखबर १०१ मध्ये, कुर्बानी मध्ये, आणि इसहाकची खुशखबर नंतर, ११२ मध्ये. दोन, ११:७१ मध्ये इसहाकबरोबरच त्याच्या मागून याकूबचीही खबर दिलेली. ज्याला मूल होणार हे आधीच सांगितलं त्याची कुर्बानी मागण्यात परीक्षा कसली? तीन, विशेषण: इथला मुलगा "हलीम", सहनशील, १५:५३ आणि ५१:२८ मध्ये इसहाकसाठी "अलीम", ज्ञानी. तरीही सुरुवातीच्या मुफस्सिरांत (कुराणाच्या भाष्यकारांत) दोन्ही मतं होती. तबरी (मृत्यू ९२३) इसहाककडे झुकतो, इब्न कसीर (मृत्यू १३७३) इस्माईलच्या बाजूनं जोरात लिहितो. आज मुसलमानांत इस्माईल हेच सर्वमान्य आहे.

आता तिन्ही रकाने बघा आणि विचारा: सुरीखालचा मुलगा ठरला म्हणून तिसऱ्या रकान्यात काय बदललं? बायबलात २२:१६-१८ मध्ये कुर्बानीनंतर वचन पक्कं होतं, म्हणून तिथे नाव महत्त्वाचं. कुराणात या प्रसंगातून कुणाला करार मिळत नाही. उलट शेवटी ११३ मध्ये बाप-लेकांच्या संततीत भलेही आहेत आणि स्वतःवर उघड जुलूम करणारेही, असं सांगून टाकलंय. म्हणजे टपरीवर ज्या नावासाठी आवाज चढतो, ते नाव एका ग्रंथात वारसाच्या प्रश्नाला भिडतं, दुसऱ्यात फारसं भिडतच नाही. हे कागदावर दिसलं की बैठक सार्थकी लागली. कुणाला कुणाचं मत बदलायला लावू नका.

चौथी बैठक: दत्तक

या बैठकीसाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. इथल्या माणसाला दत्तक म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आला आणि शाहू छत्रपती झाला. रक्ताच्या मुलाइतकाच पक्का वारस, गादीसकट. आणि दत्तक नाकारला तर काय होतं तेही शेजारीच घडलं होतं: १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा.

हे डोळ्यासमोर ठेवून गलतीकरांस पत्र ३ आणि ४, रोमकरांस पत्र ४, ८ आणि ९ वाचा. पौलाची चाल तीन पावलांची. पहिलं: अब्राहाम विश्वासानं नीतिमान ठरला तो सुंता होण्याआधी (रोम ४:१०), म्हणजे पहिल्या बैठकीतला खुणेचा प्रश्न. दुसरं: वचन "संतानाला" दिलं, एकवचनी, आणि ते संतान म्हणजे ख्रिस्त (गलती ३:१६). आख्खा धागा एका मुलाच्या नावावर येऊन थांबतो. तिसरं: बाकीचे सगळे त्याच्यामार्फत दत्तक येतात आणि सहवारस होतात (रोम ८:१५-१७). मराठी बायबलात "दत्तकपण" हाच शब्द आहे. आणि करार या अर्थाचा ग्रीक शब्द मृत्युपत्रालाही चालतो, म्हणून इब्री ९:१६-१७ मध्ये लेखक म्हणतो, करणारा मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही.

गलती ४:२१-३१ मध्ये हागार आणि सारा रूपक म्हणून येतात. इथे जपा. पौल हागारची सांगड सीनाय पर्वताशी आणि त्याच्या काळच्या यरुशलेमशी घालतो. इस्लाम तेव्हा जन्मलाही नव्हता. हा उतारा मुसलमानांबद्दल म्हणून वाचणं म्हणजे सरळ चुकीचं वाचन. यहुदी कराराचं पुढे काय, यावर ख्रिस्त्यांत एकवाक्यता नाही; रोम ११ मधलं जैतुनाचं झाड वाचून तिथेच थांबावं.

१८५२ मध्ये मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्या कामातून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन इथे रुजलं. त्या परंपरेत करार हा कणाच आहे. म्हणून तिथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात: विश्वासणाऱ्यांचं मूल करारातच जन्मतं, असं धरून. पण सुंतेची खूण फक्त मुलग्याला होती, पाणी मुलीलाही लागतं. "मुलांमार्फत वारसा" हे वाक्य तिथे बदलतं, आणि बैठकीतल्या बायका बहुधा हे पुरुषांच्या आधी टिपतात.

आता दत्तकाची दुसरी बाजू. कुराण ३३:४-५ मध्ये मानलेले मुलगे तुमचे मुलगे होत नाहीत, त्यांना त्यांच्या बापाच्या नावानं हाक मारा. पैगंबरांचा मानलेला मुलगा जैद, त्याला लोक जैद बिन मुहम्मद (मुहम्मदचा मुलगा) म्हणत, ते थांबलं. अनाथाला सांभाळणं मोठं पुण्य, पण नाव आणि वारसा जात नाही. आणि ११२व्या सूरहत अल्लाहनं कुणाला जन्म दिला नाही. म्हणून "आम्ही देवाची दत्तक लेकरं" हे ख्रिस्ती माणसाचं सगळ्यात गोड वाक्य मुसलमान कानाला दोनदा खटकतं, एकदा देवाच्या बापपणावर आणि एकदा दत्तकावर. हे आधी सांगून ठेवलं नाही तर खटका कशाचा हे कुणालाच कळत नाही आणि चेहरे फक्त आखडतात.

शेवटच्या अर्ध्या तासाला दोन याद्या समोरासमोर ठेवा. मत्तय १ मधली: अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशी "झाला, झाला" करत ती योसेफापर्यंत येते आणि १६व्या वचनात क्रियापद मोडतं. योसेफाला येशू झाला, असं लिहिलेलं नाही. मरीयेचा पती योसेफ, तिच्यापासून येशू जन्मला. कायद्यानं बाप, रक्तानं नाही. दुसरीकडे ३३:४०: मुहम्मद तुमच्यातल्या कुणाही पुरुषाचे बाप नाहीत, अल्लाहचे रसूल आणि नबींची मोहर आहेत. त्यांचे मुलगे लहानपणीच वारले. दोन्ही परंपरांत वंशाची यादी जिथे पुरी होते, तिथे बापाकडून मुलाकडे हा दुवाच नाही. एकीकडे तो मोडून सगळ्यांना आत घ्यायला दार उघडतं, दुसरीकडे तो मोडून नुबूवतचं दार बंद होतं.

इथे कुणीतरी करवीर आणि सातारा गादीचा दाखला देईलच: एकाच घरातल्या दोन पाती, १७३१ चा वारणेचा तह, नदी ही हद्द. दाखला चांगला आहे, येऊ द्या, पण कुठे तुटतो तेही दाखवा. वारणेला मुलूख वाटला गेला. या दोन ग्रंथांपैकी एकही करार वाटून द्यायला तयार नाही.

कागदांचं काय करायचं

चार बैठकांचे तीन-रकानी कागद एका फायलीत लावा. ज्या चौकटीत एकमत झालं नाही तिथे दोन्ही नावांनी दोन ओळी लिहा. खोडून तडजोडीचं वाक्य घालू नका, पुढच्या वर्षी ते कुणालाच आपलं वाटत नाही. पाचवी बैठक करायची असेल तर यहुदी वाचन घ्या, कारण चारही दिवस ज्यांच्या ग्रंथावर आपण बोललो ते खोलीत नव्हते. आणि उरलेल्या छापील प्रती रद्दीत टाकू नका. भाषांतर असलं तरी आयत ती आयत, वचन ते वचन. उद्या तोच कागद भडंगाच्या पुडीला लागला तर चार दिवसांचं काम पाण्यात जाईल.